मनगटावरची सुतळी

मी रागीट आहे, हे आधीच सांगून टाकते. कारंज्याला माझा दवाखाना होता तेव्हा बाहेरच्या बाकावरचे पेशंट आतून येणाऱ्याला दबक्या आवाजात विचारायचे, आज मॅडमचा मूड कसा आहे. ते मला आत ऐकू यायचं. आता दवाखाना बंद करून वर्ष होत आलं. या अंकाच्या संपादकांचा फोन आला, की तुमच्या कामातलं काहीतरी लिहा, लोकांना उपयोगी पडेल असं. उपयोगी पडेल ते मी लवकर उरकते. बाकीचं माझ्या रागाबद्दल आणि एका सुतळीबद्दल आहे.

मी फिजिशियन. म्हणजे चिरफाड नाही आणि बाळंतपणही नाही. पण बाई डॉक्टर आली म्हटल्यावर पहिली काही वर्षं निम्म्या बाया दिवस राहिल्याचं सांगतच आत यायच्या. मी बाळंतपण करत नाही हे ऐकून एका म्हातारीनं मला नीट न्याहाळलं आणि शांतपणे विचारलं, "मंग तुमी करता काय?" करायची ते हे: शुगर, बीपी, दमा, साप चावलेले, आणि फिट. फिटचे पेशंट माझ्याकडे जास्त जमले. आमच्याकडे एका गावातल्या एकाला गुण आला की पुढच्या आठवड्यात त्या गावाहून जीप भरून येते.

फिट म्हणजे मेंदूतल्या विजेचा घोटाळा. मेंदूच्या पेशी एकमेकींना विजेचे बारीक इशारे देत काम करतात. एखाद्या जागी काही खुपत असलं, जुना व्रण, गाठ, रक्ताचा डाग, तर तिथल्या सगळ्या पेशी एकदम ओरडायला लागतात. तेवढ्या जागेपुरतं राहिलं तर एखादं बोट नाहीतर ओठाचा कोपरा उडतो आणि माणूस शुद्धीवर असतो. साऱ्या मेंदूत पसरलं की माणूस खाली पडतो, हातपाय झाडतो, तोंडाला फेस येतो आणि घरचे कांदा शोधायला धावतात.

कांदा, चप्पल, चमचा यांतलं काही लागत नाही. पोहरादेवीच्या यात्रेत मी आरोग्य शिबिराला बसायची. तिथे एका पडलेल्याच्या दातांत चमचा घालताना त्याच्या मेव्हण्याचं बोट दातांत सापडलं. पेशंट दहा मिनिटांत उठून बसला, टाके मेव्हण्याला पडले. तेव्हा पडलेल्याला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, दाबून धरू नका, घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबलं नाही तर गाडी काढा. संपादकसाहेब, उपयोगी भाग संपला.

माझी कामाची एक रीत होती. फिटच्या प्रत्येक पेशंटला मी भिंतीवरचं कॅलेंडर आणायला लावायची. फिट आली की त्या तारखेला लाल गोल करायचा, मोठी असेल तर मोठा, बारीक असेल तर बारीक. दर महिन्याला कॅलेंडर गुंडाळून दवाखान्यात आणायचं. हे मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नव्हतं. लिहिता न येणाऱ्यालाही गोल काढता येतो, एवढाच विचार होता. पण त्यातून मला एक शोध लागला आणि त्या शोधानं मी पुढे फार शेफारले. बायांचे लाल गोल चतुर्थीला, एकादशीला, शिवरात्रीला नाहीतर त्याच्या दुसऱ्या दिवशी पडत होते. खोदून विचारलं तर कळलं, उपवासाच्या दिवशी या गोळी घेतच नाहीत. गोळी म्हणजे पोटात काहीतरी गेलंच की. एक दिवस गोळी चुकली की फिटला तेवढं पुरतं.

मी आधी समजावलं, मग चिडले, मग एक युक्ती केली. चिठ्ठीवर गोळीच्या नावासमोर मोठ्या अक्षरांत लिहायला लागले, "उपवासाला चालते". खाली सही आणि शिक्का. माझ्या बोलण्यानं जे झालं नव्हतं ते शिक्क्यानं झालं. चिठ्ठी देवघरात ठेवली म्हणून सांगणाऱ्या भेटल्या. दुसऱ्या डॉक्टरांचे पेशंट फक्त तेवढं लिहून घ्यायला येऊ लागले. इंझोरीचे एक गृहस्थ खर्ऱ्याची, म्हणजे तंबाखू-सुपारीची, पुडी टेबलावर ठेवून म्हणाले, यावरही लिहून द्या मॅडम, घरात बायको उपवासाच्या दिवशी लय बोलते. त्यांना मी हाकललं, पण संध्याकाळी घरी सांगताना हसूही आलं.

तर मंदा. कामरगावची, पस्तिशीच्या आतली, घरची पिठाची चक्की चालवायची. नवरा शेती बघायचा आणि चक्की हिच्या अंगावर. सासूबरोबर आली पहिल्यांदा. दळण चालू असताना डाव्या हाताचा अंगठा आपोआप उडायला लागला, मग हात, मग तोंड डावीकडे ओढलं गेलं आणि ती पिठाच्या डब्यावर पडली. पट्ट्यात पदर गेला नाही हे नशीब.

चक्कीचं काम मला तिनंच समजावून सांगितलं. वरच्या पेटीत धान्य ओतायचं, खाली दोन दगडांमधून पीठ येतं. उजव्या हातात दगड जवळ-दूर करायचं चाक असतं आणि डावा हात पिठाच्या धारेखाली. अंगठा आणि बोट यांच्यात पीठ चोळून पाहायचं आणि त्याप्रमाणे चाक फिरवायचं. भाकरीचं वेगळं, पोळीचं वेगळं, शेवयांचं तर फारच वेगळं. तिच्याकडे चार गावांची दळणं यायची ती त्या अंगठ्यासाठी. आणि फिट उठत होती त्याच अंगठ्यात.

मी वाशिमला सीटी स्कॅनला पाठवलं. साधा, रक्तात औषध सोडून करतात तो नव्हे. गरज वाटली नाही. फिल्मवर मेंदूच्या उजव्या बाजूला वरच्या अंगाला ज्वारीच्या दाण्याएवढा पांढरा ठिपका होता. असे ठिपके आमच्या भागात मी शेकड्यानं पाहिले होते. पोटातल्या जंताची अंडी न धुतलेल्या भाजीतून पोटात जातात, रक्तातून मेंदूत पोहोचतात, तिथे किडा मरतो आणि त्याचा चुना होऊन ठिपका राहतो. रिपोर्टातही तसंच लिहून आलं, बहुधा म्हणून. तो "बहुधा" मी वाचला नाही असं नाही. वाचून पुढे गेले.

सासूला हे मानवेना. घरात अंडंसुद्धा शिजत नाही, सगळे माळकरी, मग किडा शिरला कुठून? मी कोथिंबिरीचं आणि मुळ्याचं सांगितलं. त्या दिवसापासून त्या घरात मेथीची जुडी तीन पाण्यांनी आणि एकदा मिठाच्या पाण्यानं धुतली जाऊ लागली. सासू गावभर तोच उपदेश करत फिरायची आणि भाजी न धुणाऱ्यांच्या घरी पाणीसुद्धा प्यायची नाही. गावाचा फायदाच झाला असेल. मंदाचा काही झाला नाही, कारण तिच्या डोक्यात किडा नव्हताच. पण ते पुढे.

गोळ्या सुरू झाल्या. चक्कीवर जायचं नाही, विहिरीवर जायचं नाही, चुलीशी एकटं बसायचं नाही. पहिल्या चार महिन्यांत तीन मोठे गोल, तिन्ही उपवासाचे. मी चिठ्ठी दिली, शिक्का मारला, मोठ्या फिट थांबल्या. मला फार बरं वाटलं. पण पुढच्या कॅलेंडरावर दोन बारीक गोल होते आणि दोन्ही साध्या बुधवारचे. अंगठा उडला, थांबला, एवढंच. मी विचारलं, गोळी चुकवलीस? नाही म्हणाली. मी परत विचारलं. परत नाही. मग मी माझं ठेवणीतलं वाक्य काढलं, "माणूस खोटं बोलतो मंदा, फिट बोलत नाही." बाहेर बाकावर बसलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. गोळी थोडी वाढवून दिली आणि वर आणखी पाच मिनिटं बोलले. ती खाली मान घालून बसली होती.

पुढच्या महिन्यापासून कॅलेंडर कोरं. एक महिना, तीन महिने, सहा, वर्ष. मी तिला चक्कीवर परत जायची परवानगी दिली, सोबत माणूस ठेवायच्या अटीवर. ते कोरं कॅलेंडर मी दुसऱ्या पेशंटना उघडून दाखवायची, की बघा, ऐकलं की असं होतं.

ती चक्कीवर परत जायला लागली त्याच सुमारास तिच्या डाव्या मनगटाला एक सुतळी दिसायला लागली. पोत्याची असते तशी, दोन पदरी, सरकगाठ मारलेली. आमच्याकडे मनगटाला, दंडाला, गळ्यात काही ना काही बांधलेलंच असतं. इथला धागा, तिथला गंडा. मी बोलायचं सोडत नव्हते. एकदा मी हसून म्हटलं, गुण गोळीचा आणि नाव दोऱ्याचं होणार आता. तसं मी तिला दर महिन्याला तपासत होते. बीपी घेताना तो पट्टा सुतळीच्या वरच तर बांधायची.

एक दिवस सासूचा खोकला दाखवायला दोघी आल्या. मी आत दुसऱ्या पेशंटला तपासत होते आणि दार अर्धवट उघडं होतं. बाहेर बाकावर मंदा बसलेली दिसली. तिनं डावा हात पदराखालून काढला. अंगठा उडत होता. घाई नाही, गडबड नाही. तिनं उजव्या हातानं सुतळीचं टोक धरलं आणि सरकगाठ ओढली, चांगली घट्ट, कातडी पांढरी पडेपर्यंत. डोळे मिटले आणि ओठांत आकडे मोजायला लागली. वीस-पंचवीस झाले असतील. अंगठा थांबला. तिनं गाठ सैल केली, पदर सारखा केला आणि सासूच्या पाठीवरून हात फिरवायला लागली.

मी पेशंटला तसंच ठेवून बाहेर आले. विचारलं, हे काय? मंदा म्हणाली, काही नाही मॅडम. मी सुतळीकडे बोट दाखवलं. ती परत तेच म्हणाली. शेवटी सासू बोलली, खोकत खोकत:

"आठ दिसांतून दोनदा-तीनदा होते. तुमी रागावता म्हनून लिवत नाही ते."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. चिठ्ठी दिल्यापासून गोळी एकही चुकली नव्हती. चक्कीवर एकदा अंगठा उडायला लागला तेव्हा समोर पडलेल्या पोत्याच्या सुतळीनं तिनं हात आवळून धरला, भीतीनं, आणि फिट वर सरकलीच नाही. दुसऱ्यांदा करून पाहिलं, तसंच झालं. तेव्हापासून सुतळी हातातच. हा उपाय वैद्यकात फार जुना आहे. हात आवळला की मेंदूच्या त्या जागेला दुसरीकडचा निरोप जातो आणि कधीकधी वणवा तिथेच विझतो. आम्ही तो परीक्षेपुरता वाचला होता. या बाईनं तो पोत्याशेजारी उभं राहून शोधून काढला होता, आणि मी त्याला गंडादोरा समजून थट्टा करत होते. ही सुतळी कुणी भरवशाचा उपचार म्हणून बांधू नये, पण ती अंधश्रद्धा नव्हती.

मी मंदाला म्हटलं, अगं, मला सांगायचं ना. तिनं पहिल्यांदा माझ्याकडे सरळ पाहिलं.

"दीड वर्स झालं, तुमी ह्या सुतळीले पाहून राह्यल्या, मॅडम. कायची हाये म्हनून इचारलं नाही."

आवाजात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं. मला लाज वाटली, एवढंच लिहिते.

आठवड्याभरात एमआरआय करून घेतला आणि नागपूरला मेंदूच्या सर्जनकडे मी स्वतः बरोबर गेले. किडा नव्हता. रक्तवाहिन्यांचा गुंता होता, जन्मापासूनचा. शेतकऱ्यांना मी तो ठिबकवरून समजावते. मोटरीचं पाणी मोठ्या पाइपातून लहान पाइपात, तिथून बारीक नळ्यांत, असा जोर कमी होत होत रोपाच्या मुळाशी जातं. मेंदूत रक्ताचं तसंच आहे. मंदाच्या मेंदूत एका जागी या बारीक नळ्या झाल्याच नव्हत्या. मोटरीचा सगळा जोर थेट परतीच्या पातळ पाइपात. तो फुगतो, वेटोळी घेतो, शेजारच्या पेशींना खुपतो, म्हणून फिट. आणि एखाद्या दिवशी फुटू शकतो. फुटला तर हात नाही, माणूसच जायचा. मी पाहिलेला पांढरा ठिपका त्या गुंत्यातलाच साचलेला चुना होता. सर्जननं माझी जुनी फिल्म उजेडावर धरली आणि सौजन्यानं म्हणाले, यात कुणीही फसलं असतं. ते सौजन्य मला टोचलं. रक्तात औषध सोडून फोटो काढायला मीच सांगितलं नव्हतं.

उपाय तीन होते. डोकं उघडून गुंता काढणं. जांघेतल्या धमनीतून बारीक नळी वर नेऊन आत डिंकासारखं औषध भरणं. नाहीतर बाहेरून नेमक्या त्याच जागी किरणांचा एक मोठा डोस देणं, ज्यानं वाहिन्यांच्या भिंती जाड होत होत गुंता आतून बंद होतो. पहिला उपाय लगेच मोकळं करणारा, पण गुंता बरोबर हाताचं काम बघणाऱ्या मेंदूच्या पट्टीला चिकटलेला. दुसरा एकट्यानं पुरला नसता. तिसऱ्यात कापाकापी नाही, पण बंद व्हायला दोन-तीन वर्षं, आणि तोवर फुटण्याची टांगती तलवार तशीच.

मंदानं सर्जनला एकच विचारलं, "हात जाईन का?"

ते म्हणाले, ऑपरेशनमध्ये हात हलेल बहुतेक, पण बोटांची समज जाऊ शकते. मंदा माझ्याकडे वळली, तुमी सांगा. मी आयुष्यभर लोकांना काय करायचं ते सांगत आले, त्या दिवशी म्हटलं, हात तुझा, तू ठरव. नवरा म्हणत होता, एकदाचं काढून टाका, चक्की गेली खड्ड्यात, जीव राहू द्या. त्याचं चूक नव्हतं. मंदा बराच वेळ अंगठा बोटावर चोळत बसली, पीठ पाहतात तसा. मग म्हणाली, किरणांचं करू. तीन वर्षं थांबते.

मुंबईला एका दिवसात काम झालं. डोक्याला लोखंडी चौकट बसवली, किरणं दिली, दुसऱ्या दिवशी सोडलं. पुढचं सगळं माझ्याकडे. म्हणजे गोळ्या, आणि वाट पाहणं. माझ्या धंद्यातला मोठा भाग वाट पाहण्याचाच आहे, पण लोकांना तो दिसत नाही. मी तिला नवीन कॅलेंडर दिलं आणि सांगितलं, जे होईल ते लिही, मी रागावणार नाही. तिनं विचारलं, "नक्की?" मी म्हटलं, रागावले तर तसंही लिही.

महिन्याच्या शेवटी कॅलेंडर उघडलं तर लाल गोलांनी भरलेलं. अकरा. इतकं घाण कॅलेंडर पाहून मला इतका आनंद कधी झाला नव्हता. औषध बदललं, दुसरं जोडलं, गोल सहावर आले, मग तीनवर. काही तारखांना गोल नव्हता, अक्षरं होती: "डोकं दुखलं", "झोप नाही", एकदा "मॅडम रागावल्या". ती तारीख मला आठवत होती. रागावले होते.

किरणं देऊन नऊ महिने झाले आणि ती अधल्यामधल्या दिवशीच आली, महिना भरायच्या आत, एकटी. कॅलेंडर टेबलावर पसरलं आणि बोट ठेवलं. पाच दिवस सलग तिथे तीनच शब्द लिहिले होते: "पीठ समजत नाही."

हात उचलत होता, मूठ वळत होती. कुठल्याही तपासणीत मी तो चांगला म्हणून लिहिला असता. पण डोळे मिटून तिच्या अंगठ्याखाली मी नाणं ठेवलं, मग बटण ठेवलं, तिला फरक सांगता येईना. ती रडली नाही. म्हणाली, तीन दिवस बायांची दळणं जाड गेली, त्यांनी परत आणली, तेव्हा कळलं. त्याच दिवशी फोटो काढला. किरणांमुळे गुंत्याभोवती सूज आली होती. अशी येते कधीकधी, आणि वेळेवर सापडली तर औषधानं उतरते. वेळेवर सापडली, कारण तिनं लिहिलं होतं. जुन्या मंदानं ते लिहिलं नसतं, आणि तिला तशी करून ठेवणारी मी होते.

सूज उतरायला दोन महिने लागले. त्या दोन महिन्यांत चक्की नवऱ्यानं चालवली आणि चार गावांच्या बायांनी त्याला काय काय ऐकवलं हे तो मला येऊन सांगायचा. तो म्हणायचा, पीठ बारीकच असते मॅडम, ह्या बायाहिले पटत नाही. मंदा घरी बसून रोज ज्वारीचं, गव्हाचं, बेसनाचं पीठ वेगवेगळ्या वाट्यांत घेऊन डोळे मिटून ओळखायची. सासू परीक्षा घ्यायची. किती बरोबर आली ते कॅलेंडरावर. पाचपैकी दोन, तीन, परत दोन, चार. मग एका महिन्यात सगळीकडे पाच.

तीन वर्षं पुरी व्हायच्या सुमारास शेवटचा फोटो काढला, जांघेतून औषध सोडून काढतात तो. गुंता बंद. नागपूरहून फोन आला तेव्हा मी दवाखान्यात होते आणि समोरच्या पेशंटला उगाचच दोनदा बीपी लावलं. मंदाच्या गोळ्या चालू राहिल्या, कारण गुंता गेला तरी पेशींची खोड लगेच जात नाही. पण कॅलेंडर आता कोरं होतं, आणि त्या कोरेपणावर विश्वास ठेवायच्या आधी मी दर वेळी सासूला वेगळं विचारत होते.

दवाखाना बंद करायच्या आधीच्या वर्षभरात मी एक सवय लावून घेतली. कुणाच्याही हाताला दोरा दिसला की विचारायचं, हा कशाचा? नव्याण्णव जणांचा देवाचा निघाला. मी ती सगळी देवस्थानं ऐकून घेतली. रांग लांबली, बाहेरचे कुरकुरले. शंभरावा कुणी भेटला नाही, पण तो नकळत येऊन जाण्याचा धोका मी पुन्हा घेणार नव्हते.

दवाखाना बंद झाल्यावर गेल्या महिन्यात मी कामरगावला गेले, पेशंट पाहायला नाही, पाच किलो ज्वारी घेऊन. मंदानं रांगेत उभं केलं. माझ्यापुढे तिघी होत्या, तिघींचं झाल्यावर माझं. पट्टा सुरू झाला, पिठाची धार पडायला लागली. तिनं डावा हात खाली धरला, अंगठ्यानं पीठ चोळलं, चाक एवढंसं फिरवलं, परत चोळलं. सुतळी मनगटावर होतीच, पिठानं पांढरी झालेली. मी काही विचारलं नाही. तिच्या ते लक्षात आलं असावं, कारण ती हसली.

पीठ पिशवीत भरून झालं. बांधायला तिनं इकडेतिकडे पाहिलं. कोपऱ्यात सुतळीचं अख्खं बंडल पडलेलं होतं. तिनं मनगटावरची सरकगाठ सैल केली, सुतळी काढली, आणि माझ्या पिशवीचं तोंड त्याच सुतळीनं बांधलं. घट्ट, दोन गाठी मारून.

घरी आल्यावर ती गाठ मला सुटेना. कात्री समोरच्या खणात होती. मी अर्धा तास नखांनी सोडवत बसले.